नव्या पीसीवर जुनं एंट्री सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा अडतं : विंडोज, हार्डवेअर आणि सेटिंगची तपासणी

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे आडत दुकानं, पतसंस्था, दूध संकलन केंद्रं, औषधांचे होलसेलर अशा ठिकाणी जुने पीसी जाऊन विंडोज ११ चे पीसी येत आहेत. बिलिंगचं, खतावणीचं, स्टॉकचं सॉफ्टवेअर मात्र बहुतेक ठिकाणी तेच राहतं, कारण दहा-पंधरा वर्षांचा डेटा त्यात असतो आणि ऑपरेटरच्या बोटांना त्याची सवय असते. मग तक्रारी येतात : सॉफ्टवेअर उघडत नाही, मधेच अडकतं, कालची एंट्री आज दिसत नाही, तारखा उलट्यासुलट्या होतात, दर आठवड्याला इंडेक्स (नोंदी पटकन शोधून देणारी अनुक्रमणिका) खराब होतो.

यावर दुकानदार पहिला उपाय करतो तो रॅम वाढवण्याचा. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! ‘ड्युअल कोअर, ४ जीबी रॅम’ ही खोक्यावरची अट एवढंच सांगते की सॉफ्टवेअर सुरू व्हायला हरकत नाही. वारंवार येणारी बहुतेक दुखणी ताकदीची नसतात, जुळणीची असतात. ३२ बिट (जुन्या घडणीच्या) सॉफ्टवेअरला ६४ बिट (नव्या घडणीचा) ड्रायव्हर, म्हणजे डेटाशी किंवा उपकरणाशी जोडून देणारा प्रोग्रॅम, मिळालेला असतो, डेटा भलत्या फोल्डरमध्ये लिहिला जातो, नाहीतर नेटवर्क फाइल अर्धवट पोचवतं. पैसे खर्च करण्याआधी ती जुळणी तपासा. आणि काहीही बदलण्याआधी सॉफ्टवेअर सगळीकडे बंद करून पूर्ण डेटा फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या.

सॉफ्टवेअरची जात ओळखा

फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा आणि डेटा फोल्डर उघडा. डीबीएफ, सीडीएक्स, एफपीटी अशी शेपटं दिसली तर फॉक्सप्रो घराणं. एमडीबी किंवा एसीसीडीबी दिसलं तर ॲक्सेस. एमडीएफ आणि एलडीएफ ही जोडी दिसली तर एसक्यूएल सर्व्हर. पुढची निम्मी तपासणी या उत्तरावर ठरते.

दुसरं, प्रोग्रॅम किती बिटचा आहे? सॉफ्टवेअर चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये जा, स्तंभांच्या मथळ्यावर राइट क्लिक करा, ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘प्लॅटफॉर्म’ निवडा. जुनी व्यावसायिक सॉफ्टवेअर जवळजवळ नेहमी ३२ बिट निघतात आणि ६४ बिट विंडोज ती आनंदाने चालवतं. व्हिज्युअल बेसिक ६ चे आणि व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चे प्रोग्रॅम विंडोज ११ वर चालतात. फॉक्सप्रोची नवी आवृत्ती काढणार नसल्याचं मायक्रोसॉफ्टने २००७ मध्येच जाहीर केलं, पण त्याने तयार झालेले प्रोग्रॅम बंद पडलेले नाहीत.

डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅमचं तसं नाही. ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिट प्रोग्रॅम चालवणारा भागच नसतो आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेली नाही. ‘धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी’ असा संदेश आला की प्रॉपर्टीजमधल्या कंपॅटिबिलिटी टॅबवर वेळ घालवू नका. तिथे ‘विंडोज एक्सपी’ निवडल्याने १६ बिटचे ३२ बिट होत नाहीत. खरे मार्ग दोनच. एक, त्याच पीसीवर व्हर्च्युअल मशीन (पीसीच्या आत चालणारा आभासी पीसी) करून त्यात परवान्याचं ३२ बिट विंडोज १० टाकायचं आणि त्या मशीनला इंटरनेट द्यायचं नाही. दोन, डॉसबॉक्ससारखा एम्युलेटर (जुन्या पीसीची नक्कल करणारा प्रोग्रॅम). डॉसबॉक्स मुळात गेमसाठी बनला आहे. एका टेबलावर जुन्या नोंदी पाहायला तो पुरतो, पण दोन-तीन जण एकाच वेळी एंट्री करतात तिथे फाइल लॉकिंगचा (एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवण्याचा) भरवसा त्यावर ठेवू नये.

३२ आणि ६४ बिटची सरमिसळ

नव्या पीसीवर सॉफ्टवेअर उघडतं, पण लॉगिन केल्याबरोबर ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड अँड नो डिफॉल्ट ड्रायव्हर स्पेसिफाइड’ असं येतं. डेटा सोर्स (डेटा कुठे आहे ते प्रोग्रॅमला सांगणारी विंडोजमधली नोंद) तर तुम्ही स्वतः तयार केलेला असतो! तो ६४ बिटच्या खिडकीत तयार झाला आहे आणि ३२ बिट प्रोग्रॅमला ती खिडकी दिसत नाही. स्टार्टमध्ये ‘ओडीबीसी’ शोधलं की दोन नोंदी येतात, एक ३२ बिट, एक ६४ बिट. ३२ बिटची उघडा, ‘सिस्टिम डीएसएन’ टॅबमध्ये जुन्याच नावाने, एका अक्षराचाही फरक न करता, डेटा सोर्स पुन्हा तयार करा. ‘युजर डीएसएन’मध्ये केला तर तो फक्त त्याच लॉगिनला मिळतो आणि दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर बसला की तीच तक्रार पुन्हा.

इथे मायक्रोसॉफ्टने नावांचा जो घोळ करून ठेवला आहे त्यात चांगले चांगले फसतात. ‘सिस्टिम३२’ या फोल्डरमध्ये ६४ बिट फाइल्स असतात आणि ‘सिसवॉव६४’मध्ये ३२ बिट. जुना प्रोग्रॅम एखादी ओसीएक्स फाइल (प्रोग्रॅमचा सुटा भाग) सापडत नाही म्हणून ओरडत असेल, तर ती सिसवॉव६४ मध्ये हवी आणि तिथल्याच ‘रेगएसव्हीआर३२’ने, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवरून नोंदवायला हवी. त्याहून सोपं म्हणजे मूळ सेटअप राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पुन्हा चालवणं. ओसीएक्स आणि डीएलएल फाइल्स भलत्याच साइटवरून उतरवू नका. त्यांच्यासोबत काय येईल याचा नेम नाही.

याच घराण्यातली दुसरी चूक : ‘मायक्रोसॉफ्ट एसीई ओएलईडीबी १२ प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड ऑन द लोकल मशीन’. जुन्या पीसीवर ३२ बिट ऑफिस होतं. ऑफिस २०१९ पासून काही न निवडल्यास ६४ बिट ऑफिस बसतं. ॲक्सेसची एसीसीडीबी फाइल वाचणारा किंवा एक्सेलमधून माल आयात करणारा ३२ बिट प्रोग्रॅम मग ड्रायव्हर शोधत राहतो. एक्सेलमध्ये फाइल, अकाउंट, ‘अबाउट एक्सेल’ उघडा; पहिल्या ओळीत ३२ की ६४ ते लिहिलेलं असतं. सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे त्या पीसीवरचं ६४ बिट ऑफिस काढून ३२ बिट ऑफिस घालणं. बिलिंगच्या पीसीवर ६४ बिट एक्सेलने साधण्यासारखं तसंही फारसं काही नसतं. जुनी एमडीबी फाइल जेट इंजिनने वाचणाऱ्या प्रोग्रॅमना मात्र ऑफिस लागतच नाही, कारण ३२ बिट जेट विंडोजसोबतच येतं.

डॉट नेटवर बनलेलं सॉफ्टवेअर ‘डॉट नेट ३.५’ मागत असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये ती खूण करा. डाउनलोड अडलं तर त्याच आवृत्तीच्या विंडोज इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हमधला ‘सोर्सेस’खालचा ‘एसएक्सएस’ फोल्डर वापरून ते बसवता येतं.

एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस (त्याची मोफत आवृत्ती) बसताना अगदी शेवटी ‘वेट ऑन द डेटाबेस इंजिन रिकव्हरी हँडल फेल्ड’ म्हणून कोसळतं, हा खास विंडोज ११ चा त्रास. काही नव्या एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) आपला सेक्टर (डिस्कवर लिहिण्याचा सर्वांत लहान तुकडा) ४ केबीपेक्षा मोठा असल्याचं विंडोजला कळवतात. एसक्यूएल सर्व्हरला ५१२ किंवा ४०९६ बाइटच चालतात. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर ‘एफएसयुटिल एफएसइन्फो सेक्टरइन्फो सी:’ ही आज्ञा द्या (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत करायची). ‘फिजिकल बाइट्स पर सेक्टर’ने सुरू होणाऱ्या ओळींत ४०९६ पेक्षा मोठा आकडा असेल तर हेच कारण. उपाय रजिस्ट्रीतला (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीतला) आहे : ‘एचकेएलएम, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, स्टोअरएनव्हीएमई, पॅरामीटर्स, डिव्हाइस’ इथे ‘फोर्स्डफिजिकलसेक्टरसाइझइनबाइट्स’ नावाची मल्टी-स्ट्रिंग नोंद करून तिची किंमत तारांकन, एक मोकळी जागा आणि ४०९५ अशी द्यायची. ४०९६ नव्हे, ४०९५. पीसी रीस्टार्ट करा, अर्धवट बसलेलं एसक्यूएल काढा, मग पुन्हा बसवा.

एंट्री केली, सेव्ह झाली, आणि दिसत नाही

हे दुखणं सगळ्यांत जास्त घाबरवतं, आणि ऑपरेटरवर विनाकारण आळ येतो.

जुनी सॉफ्टवेअर आपला डेटा ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या पोटातच ठेवतात. साध्या युजरला तिथे लिहायची परवानगी विंडोज देत नाही. पण जुना ३२ बिट प्रोग्रॅम मोडू नये म्हणून विंडोज गुपचूप त्या युजरच्या नावाने एक वेगळी प्रत तयार करतं आणि प्रोग्रॅमला वाटतं आपण मूळ फाइलमध्येच लिहिलं. ही प्रत त्या युजरच्या फोल्डरमध्ये ‘ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर’ इथे असते. सकाळी एका लॉगिनने चाळीस बिलं भरली, दुपारी दुसऱ्या लॉगिनने उघडलं, बिलं नाहीत. किंवा महिनाभर सगळं सुरळीत चाललं आणि एके दिवशी कुणीतरी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केलं : आता प्रोग्रॅम खरी मूळ फाइल उघडतो, जी महिनाभर जुनी आहे. महिन्याचा डेटा गेला म्हणून घबराट उडते. तो गेलेला नसतो, शेजारच्या खोलीत असतो.

प्रत्येक लॉगिनचा व्हर्च्युअलस्टोअर फोल्डर उघडून पाहा. ॲपडेटा लपवलेला असतो, म्हणून व्ह्यूमध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू करावं लागतं. तिथे सॉफ्टवेअरच्या नावाचा फोल्डर मिळाला तर फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ मूळ फाइलशी ताडून पाहा. सगळ्या प्रती वेगवेगळ्या नावांनी बाहेर काढून ठेवा. एकावर दुसरी पेस्ट करायची घाई इथे नडते : दोन्हीकडे नव्या नोंदी असतील तर एक संच कायमचा पुसला जाईल. ज्या प्रतीत जास्त नोंदी आहेत ती मूळ धरा आणि उरलेल्या हाताने भरा, किंवा सॉफ्टवेअरवाल्याकडून एकत्र करून घ्या.

कायमचा इलाज म्हणजे डेटा प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर, डी ड्राइव्हवर किंवा सी ड्राइव्हच्या मुळाशी स्वतंत्र फोल्डरमध्ये हलवणं, त्या फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये ‘युजर्स’ गटाला ‘मॉडिफाय’ परवानगी देणं, आणि सॉफ्टवेअरमधला डेटा पाथ बदलणं. रोज ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणं ही मलमपट्टी झाली. त्यातून नवा त्रासही होतो : एक्सप्लोररमध्ये झेड ड्राइव्ह स्वच्छ दिसतो आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या सॉफ्टवेअरला तो सापडत नाही, कारण साध्या हक्काने जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह वरच्या हक्काच्या सत्रात जोडलेला नसतो.

डेटा डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये असेल तर वनड्राइव्हकडे बघा. नव्या पीसीत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हच्या ताब्यात जातात. सतत उघडी असणारी डेटाबेस फाइल आणि सतत सिंक करणारा प्रोग्रॅम यांचं जमत नाही. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज बॅकअप’मधून ते फोल्डर बाहेर काढा. क्लाउडवर बॅकअप हवा असेल तर सॉफ्टवेअर बंद झाल्यावर केलेली झिप तिकडे पाठवा, चालू फाइल नव्हे.

तारखा उलटल्या

ओळखायची खूण सोपी आहे. १३ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या नोंदी बरोबर आणि १ ते १२ तारखेच्या चुकीच्या, असं दिसलं तर विंडोजची तारीख-पद्धत अमेरिकन आहे. ०५/०४ म्हणजे आपल्याला ५ एप्रिल, अमेरिकेला ४ मे. वर्ष सुरू होतानाच हा गोंधळ फार महाग पडतो : १ एप्रिल २०२५ ची नोंद ४ जानेवारी २०२५ म्हणून साठते, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते आणि बंद केलेला ताळेबंद हलतो.

कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन उघडा, फॉरमॅट ‘इंग्लिश इंडिया’ करा, शॉर्ट डेट सॉफ्टवेअरला हवी तशीच ठेवा. काहींना मधे तिरकी रेघ लागते, काहींना आडवी. मग ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमधल्या ‘कॉपी सेटिंग्ज’ने हीच पद्धत वेलकम स्क्रीनला आणि नव्या युजरना लावा. ही पायरी गाळली की नवा युजर तयार होताच तारखा पुन्हा फिरतात. नेटवर्कवरच्या सगळ्या पीसींवर एकच पद्धत हवी. पाचांतला एक वेगळा असला तरी घाण होते. आधी बिघडलेल्या नोंदी आपोआप दुरुस्त होत नाहीत. बिल क्रमांकाच्या क्रमाने यादी काढा. ज्या ओळीत तारीख मधेच उडी मारते ती नोंद तपासा.

रोज सकाळी पीसीचं घड्याळच मागे गेलेलं असेल तर कारण वेगळं आहे. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी ३ व्होल्टची असते. ती उतरली की वीज गेल्यावर तारीख टिकत नाही, आणि परवाना तारखेवर तपासणारं सॉफ्टवेअर त्याच झटक्यात उघडायचं बंद होतं.

नेटवर्कवर वारंवार इंडेक्स खराब होणं

फॉक्सप्रो आणि ॲक्सेस यांत मधे कुणी सर्व्हर प्रोग्रॅम बसलेला नसतो. प्रत्येक पीसी स्वतःच नेटवर्कवरून ती फाइल उघडतो, स्वतःच लिहितो. पतसंस्थेच्या एकाच खतावणी वहीत चार जणांनी चार टेबलांवरून हात लांब करून लिहावं तसं. लिहिता लिहिता एकाचा हात हिसकला गेला, म्हणजे वाय-फाय तुटलं, लॅपटॉप झोपला, वीज गेली, की टेबल आणि इंडेक्स यांचा मेळ सुटतो. मग रीइंडेक्स करायचं, आठवडा काढायचा, पुन्हा तेच.

म्हणून अशा सॉफ्टवेअरला वाय-फाय वर्ज्य. सगळे पीसी केबलने एका गिगाबिट स्विचला जोडा. नेटवर्क कनेक्शनच्या स्टेटसमध्ये वेग १ जीबीपीएस दिसायला हवा. १०० एमबीपीएस दिसला तर बहुधा केबलच्या टोकाचं क्रिम्पिंग कच्चं आहे : गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात, त्यामुळे एखादी तार सुटली तरी नेटवर्क ‘चालू’ दिसतं. मग डेटा असलेल्या पीसीचं स्लीप ‘नेव्हर’ करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक पीसीच्या नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण काढा. अपडेट आल्यावर ही खूण परत येऊ शकते, तेव्हा तक्रार परतली की आधी तीच बघा.

एवढं करूनही दुखणं राहिलं तर विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली साठवण बघायची. वेग वाढावा म्हणून क्लायंट पीसी फाइलचा भाग आणि फोल्डरची माहिती काही काळ स्वतःकडे धरून ठेवतो. फाइलची माहिती मुळात १० सेकंद. वर्डच्या फाइलला हे ठीक, पण चौघांनी मिळून लिहायच्या टेबलाला घातक. डेटाच्या पीसीवर ॲडमिनिस्ट्रेटर पॉवरशेलमध्ये ‘सेट-एसएमबीशेअर’ आज्ञेने त्या एका शेअरचा (नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरचा) ‘लीजिंगमोड’ ‘नन’ आणि ‘कॅशिंगमोड’ही ‘नन’ करा. फक्त त्याच शेअरवर परिणाम होतो. वेग किंचित उतरतो, पण रोज रीइंडेक्स करण्यापेक्षा ते परवडतं.

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यावर शेअरच उघडेनासा झाला, ही तक्रारही वाढली आहे. ही आवृत्ती प्रोमध्ये शेअरिंगवर डिजिटल सही (संदेश वाटेत बदललेला नाही याची खूण) सक्तीची करते आणि पासवर्डाशिवायचा पाहुणा प्रवेश बंद ठेवते. जुना नॅस (नेटवर्कला जोडलेली फाइल साठवणारी पेटी) किंवा ‘एव्हरीवन’वर मोकळा सोडलेला पीसी तिथे अडतो. सुरक्षेच्या खिडक्या एकेक उघडत बसू नका. डेटाच्या पीसीवर एक युजर आणि पासवर्ड तयार करा, शेअरवर त्यालाच हक्क द्या, बाकी पीसींवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये तो साठवा. डेटा अजून विंडोज एक्सपीवर असेल आणि त्यासाठी कुणी एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत) चालू करायला सांगितलं, तर ते करू नका. तो पीसी बदलण्याची वेळ केव्हाच झाली आहे.

फाइलचा आकारही बघून ठेवा. फॉक्सप्रोचं एक टेबल आणि ॲक्सेसची एक फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही. ॲक्सेसची फाइल खोडलेल्या नोंदींची जागा धरून बसते, म्हणून दीड जीबीच्या पुढे गेली की सगळ्यांना बाहेर काढून कॉम्पॅक्ट अँड रिपेअर चालवा. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसच्या २००८ आर२ ते २०२२ या आवृत्त्यांत एका डेटाबेसची मर्यादा १० जीबी आहे. ती गाठली की जुनी माहिती दिसते आणि नवी एंट्री सेव्ह होत नाही. बिलांची स्कॅन केलेली चित्रं डेटाबेसमध्येच कोंबणारी सॉफ्टवेअर इथे लवकर पोचतात.

एक्स्प्रेसबद्दल एवढं लक्षात ठेवा की ते नेटवर्कसाठी मुळात बंद येतं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी आयपी चालू करून पोर्ट १४३३ वर पक्कं करा, फायरवॉलमध्ये ते आणि ब्राउझर सेवेसाठी यूडीपी १४३४ उघडा, सेवा रीस्टार्ट करा.

नुसतं हळू चालत असेल तर

टास्क मॅनेजर उघडून अडकलेल्या क्षणी बघा. डिस्क १०० टक्के आणि बाकी सगळं निवांत असेल तर फिरती हार्ड डिस्क आहे. एसएसडी घाला, दुसरं काही करू नका. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर ४ जीबीवर विंडोज ११ आणि ब्राउझर दोन्ही मावत नाहीत, ८ करा. सीपीयू चार कोअरवर २५ टक्क्यांना किंवा आठ थ्रेडवर १२-१३ टक्क्यांना चिकटून बसला असेल तर प्रोग्रॅम एकच कोअर वापरतो आहे आणि तो पूर्ण भरला आहे. जास्त कोअरच्या महाग प्रोसेसरने त्यात फरक पडणार नाही. ३२ बिट प्रोग्रॅमला सहसा २ जीबीच मेमरी वापरता येते, म्हणून ‘आउट ऑफ मेमरी’वर ३२ जीबी रॅम हा उपाय नव्हे. अँटिव्हायरसमध्ये फक्त डेटा फोल्डर वगळायचा. सगळा सी ड्राइव्ह वगळणारे महाभाग असतात.

अचानक बंद पडत असेल तर इव्हेंट व्ह्यूअर खोटं बोलत नाही. सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-पॉवर ४१ म्हणजे पीसी नीट बंद न होताच गेला : वीज, यूपीएसची बॅटरी किंवा एसएमपीएस (पीसीतला पॉवर सप्लाय) बघा. डिस्कच्या नावाने ७ किंवा १५३ वारंवार दिसलं तर डिस्क किंवा तिची केबल जाते आहे, त्याच दिवशी डेटा हलवा. ॲप्लिकेशन लॉगमधल्या १००० मध्ये कोसळणाऱ्या फाइलचं नाव असतं. सॉफ्टवेअरवाल्याला ‘हँग होतंय’ सांगण्यापेक्षा त्या नोंदीचा फोटो पाठवा.

फॉर्मचं खालचं सेव्ह बटण दिसत नसेल तर स्क्रीनचं स्केल १२५ किंवा १५० टक्के आहे. १०० करा, किंवा प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीखाली ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ निवडा. मराठी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसत असेल तर डेटा शाबूत आहे, फॉन्ट नाही. श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएमच्या काळातला मजकूर त्या त्या फॉन्टमध्येच वाचता येतो. जुन्या पीसीवरचा परवान्याचा फॉन्ट नव्यावर बसवा. मंगल किंवा निर्मला लावून तो दिसणार नाही. युनिकोडमध्ये नेण्यासाठी रूपांतर करावं लागतं, आणि जोडाक्षरं तपासावी लागतात.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर थेट एलपीटी१ ला छापणारी सॉफ्टवेअर नव्या पीसीवर मुकी होतात, कारण ते पोर्टच नाही. प्रिंटर यूएसबीने जोडा, शेअर करा, ‘नेट यूज एलपीटी१:’ पुढे पीसीचं नाव आणि शेअरचं नाव देऊन, शेवटी ‘पर्सिस्टंट येस’ लावून तो जोडा. ही आज्ञा साध्या कमांड प्रॉम्प्टवरून द्या, ॲडमिनिस्ट्रेटरच्या नव्हे, नाहीतर वरच्या झेड ड्राइव्हसारखीच गंमत होते. छपाईत कचरा आला तर ड्रायव्हर ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ ठेवा.

नवा पीसी घेताना

इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी एवढं एंट्रीच्या टेबलाला भरपूर झालं. डेटा ठेवणाऱ्या पीसीला १६ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११ प्रो आणि स्वतःचा यूपीएस द्या, आणि त्यावर कुणाला एंट्रीला बसवू नका. साध्या विंडोजवर शेअरला २० पेक्षा जास्त जोडण्या होत नाहीत. त्याच्या जवळ असाल तर सर्व्हर आवृत्ती लागेल. लॅपटॉप घेत असाल तर लॅन पोर्ट आणि आकड्यांचा वेगळा कीपॅड आहे का बघा, दोन्ही नसलेले बरेच निघाले आहेत. ‘एस मोड’ (फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप चालू देणारी पद्धत) असेल तर आधी तो बंद करावा लागतो, नाहीतर सेटअपच चालत नाही. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप या कामाला नकोत : जुना प्रोग्रॅम कदाचित चालेल, पण परवान्याच्या डोंगलचा आणि जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर तिथे बसत नाही.

आणि पीसी सुरू केल्यावर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते त्याच दिवशी बघा. मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केलेल्या नव्या पीसीवर ते आपोआप चालू होतं. मदरबोर्ड गेला की डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी ४८ आकड्यांच्या रिकव्हरी कीशिवाय ती उघडत नाही, आणि ती की बऱ्याचदा पीसी बसवून गेलेल्या माणसाच्या खात्यात पडलेली असते. ती छापून पीसीच्या खरेदी बिलाला टाचून ठेवा.